धोरणाचा कागद आणि संस्थेचा व्यवहार : जुन्नर-आंबेगाव परिसरातील स्वयंसेवी संस्थांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या शेजारी तालुक्यांपैकी प्रत्येकाच्या पोटात दोन वेगळे प्रदेश नांदतात. पूर्वेला नारायणगाव, ओतूर, मंचर यांसारखी बागायती शेतीची व बाजारपेठेची गावे आहेत. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्या-वस्त्या आहेत. घोड नदीवरील डिंभे धरणाने या पश्चिम पट्ट्यातील अनेक कुटुंबांची जमीन पाण्याखाली घेतली. घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीतील आश्रमशाळांत व वसतिगृहांत येथील मुले-मुली आईवडिलांपासून दूर राहून शिकतात. नारायणगावात जत्रांच्या हंगामापूर्वी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. कलावंतांच्या मुलांचे शिक्षण आणि संगोपन हा तेथला जुना प्रश्न आहे. ऊसतोडणी, भाजीपाल्याची काढणी यांसाठी येणाऱ्या मजुरांची मुले तर कोणत्याच एका गावच्या पटावर टिकत नाहीत.

अशा प्रदेशात स्वयंसेवी संस्थांचे जाळे निर्माण होणे स्वाभाविक होते. बालवाडी, वसतिगृह, आरोग्य शिबिर, बचत गट, धरणग्रस्तांचे संघटन अशा नाना निमित्तांनी संस्थेचा कार्यकर्ता घराच्या उंबऱ्याच्या आत पोहोचतो. ज्या घरात तलाठ्याला पाण्याचा तांब्या दिला जातो, त्या घरात या कार्यकर्त्याला चहा आणि मुलांची गाऱ्हाणी दोन्ही मिळतात. हा विश्वास हेच संस्थेचे भांडवल होय. त्याच विश्वासाचा गैरफायदा संस्थेतीलच कोणी घेतला तर काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहणारा दस्तऐवज म्हणजे सुरक्षितता-धोरण. गेल्या काही वर्षांत असे धोरण अनेक संस्थांच्या फायलीत दाखल झाले आहे. फायलीतून ते व्यवहारात यावे म्हणून मोठ्या संस्थांनी लहान संस्थांना 'मेंटॉरिंग' करावे, हा विचारही रूढ झाला आहे. या धोरणाची भाषा आणि या मार्गदर्शनाची रीत, दोन्ही येथे तपासावयाच्या आहेत.

धोरणाची दुहेरी वंशावळ

सुरक्षितता-धोरणाचा एक उगम परदेशी आहे. २००२ साली संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक यंत्रणा आणि 'सेव्ह द चिल्ड्रन'ची ब्रिटिश शाखा यांच्या अहवालाने पश्चिम आफ्रिकेतील निर्वासितांच्या छावण्यांत मदतकार्यातील माणसांकडूनच मुलींचे शोषण होत असल्याचे आरोप पुढे आणले. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी यासंबंधी आचारनियम जारी केले. २०१८ च्या फेब्रुवारीत 'ऑक्सफॅम'च्या हैतीमधील अधिकाऱ्यांचे २०११ मधील वर्तन उघडकीस आले. त्यानंतर देणगीदारांनी अनुदानाच्या अटींमध्ये सुरक्षितता-धोरणाचा आग्रह वाढविला. म्हणजे मागणी आली ती बहुधा अनुदानाच्या अर्जाबरोबर. मुलाच्या किंवा पालकाच्या तोंडून ती क्वचितच आली.

दुसरा उगम मात्र पूर्णतः भारतीय आणि ग्रामीण आहे, आणि त्याची आठवण फारशी ठेवली जात नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा 'विशाखा' निवाडा १३ ऑगस्ट १९९७ रोजी झाला. त्यामागे राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवींचे प्रकरण होते. त्या शासनाच्या महिला विकास कार्यक्रमातील 'साथिन' होत्या. बालविवाह रोखण्याचे काम केल्याबद्दल १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यांचे कामाचे ठिकाण म्हणजे गावाची पांद, विहीर आणि लोकांची घरे. या निवाड्यातून पुढे २०१३ चा कायदा आला. त्याने मात्र मुख्य कल्पना केली ती कार्यालयाची : मालक, कर्मचारी, भिंतीवरील फलक आणि अंतर्गत समिती. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि ग्रामीण व आदिवासी भागात तालुक्याला एक नोडल अधिकारी, ज्याने तक्रार सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवावयाची. ज्या स्त्रीच्या दुःखातून कायदा जन्मला, तिच्यासारख्या स्त्रीला तो शेवटच्या पायरीवर उभा राहून भेटतो. भीमाशंकरच्या परिसरातील एखाद्या वाडीवर काम करणाऱ्या आरोग्यसेविकेने आपल्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण हे विचारून पाहावे, म्हणजे या पायरीची उंची ध्यानात येईल. २०२३ च्या मे महिन्यात गोवा विद्यापीठातून उद्भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतील उणिवांवर बोट ठेवून सर्वत्र समित्या आहेत की नाहीत हे तपासण्याचे निर्देश दिले. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे लोटली होती.

भाषेची चिकित्सा

या धोरणांचा मराठी अवतार वाचताना पहिली अडचण नावापाशीच येते. 'सेफगार्डिंग' या संज्ञेसाठी 'बाल संरक्षण', 'सुरक्षा', 'संरक्षण धोरण' असे शब्द योजले जातात. मराठी मनात 'संरक्षण' म्हटले की तट, बुरूज आणि बाहेरचा शत्रू उभा राहतो. शिवनेरीच्या पायथ्याशी तर हा अर्थ अधिकच घट्ट आहे. मूळ संकल्पनेचा रोख नेमका उलटा आहे. धोका बाहेर नसून आत आहे. ज्याच्या हाती किल्ली आहे तोच धोक्याचा संभाव्य स्रोत आहे, हे मान्य करून संस्थेने स्वतःच्या सत्तेवर घातलेला लगाम म्हणजे सेफगार्डिंग. 'संरक्षण' या शब्दाने हा रोख बोथट होतो. मग संस्थेच्या बैठकीत बालविवाह, व्यसनी बाप, परगावचे मजूर यांच्यावर तासभर चर्चा होते. वसतिगृहाच्या किल्ल्या रात्री कोणाकडे असतात, हा विषय निघत नाही. 'जबाबदेही' हा शब्द रूक्ष असला तरी अधिक प्रामाणिक ठरला असता.

दुसरी अडचण वाक्यरचनेची आहे. या प्रकारच्या दस्तऐवजांत कर्मकर्तरी प्रयोगाची रेलचेल असते. तक्रारीची दखल घेतली जाईल, चौकशी केली जाईल, गोपनीयता राखली जाईल. क्रियापद आहे, कर्म आहे. कर्ता मात्र गायब आहे. कायद्याच्या भाषेत कर्त्याच्या जागी पदनाम तरी असते. पाच माणसांच्या संस्थेत पदनाम आणि माणूस एकच असतो आणि त्याला सारे गाव नावाने ओळखते. येथे कर्ता लिहावयाचा म्हणजे 'सुमनताईंनी दखल घ्यावी' असे लिहावे लागते. असे लिहिताच प्रश्न पडतो की तक्रार सुमनताईंच्या दिरावर असेल तर काय? धोरणाचा कच्चेपणा या एका नावाने उघडा पडतो. कर्मकर्तरी प्रयोग तो झाकून ठेवतो. म्हणून मार्गदर्शकाने संस्थेसमवेत करावयाचा पहिला अभ्यास व्याकरणाचा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. धोरणातील प्रत्येक वाक्याला कर्ता द्यावा आणि तो न सापडल्यास वाक्य खोडावे. पंचवीस पानांचे धोरण अशा रीतीने चार पानांवर येईल. ती चार पाने मात्र खरी असतील.

तिसरी गोष्ट 'शून्य सहनशीलता' या शब्दप्रयोगाची. २०२० च्या पोक्सो नियमांनी राज्य शासनांनी या तत्त्वावर आधारित बाल संरक्षण धोरण तयार करावे आणि मुलांशी संबंध येणाऱ्या सर्व संस्थांनी ते स्वीकारावे, अशी तरतूद केली आहे. हेतूविषयी दुमत नाही. पण जेथे छडी मारणे ही शिस्त आणि उष्टी-खरकटी काढावयास लावणे हे संस्कार समजले जातात, तेथे हा शब्द उच्चारताच सर्वांनी आपापले वर्तन लपवावयास आरंभ करणे अधिक संभवनीय असते. लहान चुकांची कबुली देता येईल अशी जागा नसेल, तर मोठ्या अपराधाची खबर कोठून मिळणार?

नात्यांचा गुंता आणि कायद्याची सक्ती

धोरणाने गृहीत धरलेला तक्रारदार हा समाजापासून थोडा सुटा असलेला माणूस आहे. पश्चिम पट्ट्यातील वाडीत असा माणूस नसतो. संस्थेची बालवाडीताई आरोपीची मावशी असते, विश्वस्त सरपंचाचा चुलता असतो, स्वयंपाकीण पीडित मुलीच्या आईची सोयरी असते. रोटी-बेटीच्या व्यवहारापासून भातलावणीच्या पडकईपर्यंत सारे परस्परांच्या हातावर चालते. अशा ठिकाणी तक्रार म्हणजे पुढच्या आवणीला माणसे न मिळण्याची शक्यता. ही भीती अज्ञानातून आलेली नाही. तो हिशेब आहे, आणि तो बहुधा बरोबर असतो.

या गुंत्यावर पोक्सो कायद्याचे कलम १९ येऊन पडते. अपराध झाल्याची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड; संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावास व दंड. ही सक्ती का आली हे विसरता येत नाही. पनवेलजवळ कळंबोली येथील मतिमंद मुलींच्या संस्थेतील अत्याचारांचे प्रकरण २०११ मध्ये उघडकीस आले. २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातील एका आश्रमशाळेतील प्रकरणाने राज्य हादरले. २०२४ मध्ये बदलापुरातील शाळेत चिमुरड्या मुलींबाबत जे घडले त्यानंतर, घटना वेळीच न कळविल्याबद्दल संस्थाचालकांवरही गुन्हा नोंदविण्यात आला. संस्था आपली अब्रू वाचविण्यासाठी गप्प राहतात, हा अनुभव कायद्याच्या मागे उभा आहे.

परंतु हेच कलम कार्यकर्तीला दुसऱ्या टोकाला पेचात टाकते. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने एका मुलाबरोबर राहू लागते, गरोदर राहते आणि संस्थेच्या आरोग्यसेविकेपाशी येते. कायद्याच्या दृष्टीने ती बालक आहे, तिची संमती निरर्थक आहे आणि सेविकेवर कळविण्याची सक्ती आहे. सेविकेने कळविले तर मुलगा तुरुंगात जाईल, आणि वाडीतील पुढची मुलगी तिच्याकडे येणार नाही. वैदूकडे जाईल किंवा कोणाकडेच जाणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी येणाऱ्या अल्पवयीन मुलीची ओळख डॉक्टरांनी तिच्या विनंतीवरून उघड न करण्याची मुभा दिली. ही मुभा नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी आहे. डोंगर चढून जाणारी सेविका तिच्यात बसत नाही. धोरणाचा कागद या ठिकाणी 'कायद्यानुसार कार्यवाही केली जाईल' असे म्हणून मोकळा होतो. मार्गदर्शकाची परीक्षा येथेच आहे. कायदा मोडावयास सांगणे हे मार्गदर्शन नव्हे. केवळ कलम वाचून दाखविणे हेही नव्हे. कळविण्यापूर्वी मुलीला व तिच्या आईला आता काय घडणार हे कोणत्या शब्दांत सांगावे, महिला पोलीस अधिकाऱ्याने गणवेशाविना मुलीच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी जबाब घ्यावा ही कलम २४ मधील तरतूद कशी मागून घ्यावी, त्या रात्री मुलीने कोठे झोपावे आणि सेविकेने दुसऱ्या दिवशी त्याच वाडीत कसे पाऊल ठेवावे, हे शिकविणे म्हणजे मार्गदर्शन. हे कार्यशाळेत शिकविता येत नाही.

मार्गदर्शनाची रीत

प्रचलित रीत कार्यशाळेची आहे. पुण्याहून तज्ज्ञ येतात, मंचर किंवा नारायणगावच्या एखाद्या सभागृहात दोन दिवस प्रशिक्षण होते, नमुना-धोरण वाटले जाते, संस्थेचे नाव घालावयाची जागा रिकामी ठेवलेली असते. हजेरीपत्रक आणि छायाचित्रे अहवालास जोडली जातात. या रीतीत मार्गदर्शकाला कशाचीच झळ लागत नाही. संस्थेत पुढे काही घडले तर उत्तरदायी संस्था; न घडले तर श्रेय प्रशिक्षणाचे. कार्यशाळा निरुपयोगी असतात असे नव्हे. कलमे तेथेच कळतात. पण ज्ञान आणि सवय यांतील अंतर दोन दिवसांत तुटत नाही.

आर्थिक बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. २०२० च्या दुरुस्तीने विदेशी अंशदानाचा निधी एका संस्थेने दुसरीस देण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेने लहान संस्थेला पैसा आणि सोबत दोन्ही द्यावयाची, ही वाट विदेशी निधीपुरती बंद झाली. आता मोठी संस्था सल्ला देऊ शकते, पण रात्रीच्या पहारेकऱ्याचा किंवा दुसऱ्या महिला अधीक्षकाचा पगार देऊ शकत नाही. पैशाविना दिलेला असा सल्ला लहान संस्थेला तपासणीसारखा वाटला, तर तिला दोष देता येत नाही. राज्याचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० सालचा. त्याचा भर न्यासाची मालमत्ता, हिशेब आणि विश्वस्तांतील बदल यांवर आहे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्थेच्या जमिनीची जेवढी विचारपूस होते तेवढी तिच्या वसतिगृहातील मुलांची होत नाही. १०९८ ही बालकांची मदतवाहिनी दीर्घकाळ स्वयंसेवी संस्था चालवीत होत्या. पुण्यात हे काम 'ज्ञानदेवी'ने केले. २०२३ मध्ये ती शासकीय यंत्रणेकडे गेली. त्यामुळे छोट्या संस्थेला अडीअडचणीत फोनवर सल्ला देणारा एक ओळखीचा आवाजही दुरावला.

विशेष म्हणजे कागद व्यवहारात कसा उतरवावा याचे धडे याच परिसरात गिरविले गेले आहेत. शेजारच्या खेड तालुक्यातील राजगुरुनगर येथे 'चैतन्य' संस्थेने नव्वदच्या दशकापासून स्त्रियांचे बचत गट आणि त्यांचे संघ उभे केले. निरक्षर स्त्रियांच्या गटात हिशेबवही रुजली ती वहीचे धोरण वाटून नव्हे. महिन्याच्या महिन्याला कोणीतरी येऊन शेजारी बसले, चुकलेली बेरीज सर्वांसमोर दुरुस्त केली, आणि पैसे कमी भरले तेव्हा भांडणातही बसून राहिले, म्हणून ती रुजली. डिंभे जलाशयाच्या काठी 'शाश्वत' संस्थेने कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्या नेतृत्वाखाली विस्थापित आदिवासींसमवेत गाळपेर जमिनीच्या आणि मासेमारीच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे काम केले. त्यातून मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. तेथेही अर्ज, खेटे, नकार आणि पुन्हा अर्ज हीच शाळा होती. या दोन्ही उदाहरणांचा सुरक्षितता-धोरणाशी थेट संबंध नाही, हे खरे. पैशाचा हिशेब चारचौघांत मांडता येतो, मुलीचे दुःख मांडता येत नाही. तरीही सोबतीची लय तीच आहे. शंकांची एक वही ठेवावी आणि मार्गदर्शकाने ती दरमहा संस्थेसमवेत वाचावी. वसतिगृहातून रात्री पोलीस ठाण्यापर्यंत कोणते वाहन मिळते हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. नात्यागोत्याबाहेरची एक स्त्री समितीवर असावी आणि दोन्ही तालुक्यांतील संस्थांनी ती परस्परांना उसनी द्यावी. जुन्नरच्या संस्थेची बाह्य सदस्य आंबेगावची, आंबेगावची जुन्नरची. पडकईची रीत ठाऊक असलेल्या प्रदेशाला हे परके वाटू नये.

आपत्तीच्या काळात या साऱ्याची कसोटी लागते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरड कोसळून गाडले गेले; १५१ माणसे मृत्युमुखी पडली. अशा प्रसंगी मदतीचा ओघ लागतो, गाड्या येतात, अनोळखी माणसे मुलांना जवळ घेतात, छायाचित्रे काढतात. कोणाला विचारावे आणि कोणाला अडवावे हे त्या घटकेला ठरविता येत नाही. ते आधीच ठरलेले असावे लागते. शोकग्रस्त गावात मदतीस आलेल्या माणसाला नाव-पत्ता विचारणे उद्धटपणाचे वाटते. हा संकोच मोडण्याचा सराव कोणत्याही नमुना-धोरणात दिसत नाही.

महाविद्यालयांचा प्रश्न

मार्गदर्शक म्हणून महाविद्यालयांचे नाव वारंवार सुचविले जाते. त्यांच्याकडे समाजकार्य, मानसशास्त्र, विधी यांचे जाणकार आहेत, समिती चालविण्याचा अनुभव आहे. सूचना योग्य आहे, पण तिच्यात एक मेख आहे. महाविद्यालय हीदेखील वाडीत शिरणारी एक संस्थाच आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे गावोगावी होतात. विद्यार्थी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम करतात, घरोघरी सर्वेक्षण करतात, संध्याकाळी गावातील मुलांना जमवून खेळ घेतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी परिसराची व्याख्या विस्तारून शिबिरे आणि क्षेत्रभेटी तिच्यात आणल्या, त्यामुळे शिबिरातील विद्यार्थिनीला अंतर्गत समितीचे दार उघडे आहे. पण संध्याकाळच्या खेळाला आलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचे काय? तो विद्यार्थी नाही, कर्मचारी नाही. विनियमांच्या दृष्टीने तो शिबिरात नाहीच. त्याला काही सांगावयाचे असल्यास पोक्सो आहे, पोलीस ठाणे आहे. महाविद्यालयातील कोणाचे नाव मात्र त्याला दिलेले नसते. सात दिवसांनी ट्रक भरून शिबिर निघून जाते आणि शाळेच्या भिंतीवर घोषवाक्ये उरतात. गावच्या बालवाडीताईला महाविद्यालयाने सुरक्षितता-धोरण शिकवावयास जावे तेव्हा तिने प्रथम हेच विचारले, की मागच्या हिवाळ्यात तुमची जी मुले येथे राहिली त्यांच्याबद्दल काही सांगावयाचे असते तर मी कोणाला सांगावयाचे होते, तर तिच्या हाती देण्यासाठी किती महाविद्यालयांपाशी एक नाव आणि एक दूरध्वनी क्रमांक आहे?